वंशावळीबाहेरचे रक्त : हिमोफिलियाच्या आख्यानांचा तौलनिक विचार

१

रोगाला जसा इतिहास असतो, तसा त्याच्या कथनालाही असतो. हे दोन इतिहास नेहमी बरोबरीने चालतात असे नाही. एखादा विकार मानवी देहात हजारो वर्षे असतो, पण त्याची गोष्ट सांगता येईल असा वाङ्मयप्रकार उपलब्ध होईपर्यंत तो विखुरलेल्या मृत्यूंच्या रूपानेच नोंदला जातो. हिमोफिलिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या बाबतीत हे विशेषत्वाने दिसते. धर्मशास्त्रीय निर्णय, शल्यचिकित्सेचा ग्रंथ, वैद्यकीय वृत्तान्त, राजघराण्याचे चरित्र, न्यायालयीन साक्ष अशा भिन्न प्रकारच्या संहितांतून त्याची गोष्ट आकाराला आली. प्रत्येक संहितेने तिच्या चौकटीत मावेल तेवढेच रक्त पाहिले. या संहिता एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या असता त्यांतून कोणाचे रक्त दिसते आणि कोणाचे सातत्याने निसटते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम विकाराचे स्वरूप थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. जखम झाली की रक्तातील प्लेटलेट त्या जागी गोळा होतात. पाठोपाठ रक्तातील अनेक प्रथिने ठरावीक क्रमाने एकमेकांना कार्यान्वित करतात आणि अखेरीस फायब्रिनचे जाळे विणले जाऊन गुठळी पक्की होते. या साखळीतील आठवा घटक कमी असेल तर ‘हिमोफिलिया ए’ आणि नववा घटक कमी असेल तर ‘हिमोफिलिया बी’ होतो. पहिला साधारणपणे दर ५,००० मुलग्यांमागे एकाला आढळतो, दुसरा त्याहून पुष्कळ विरळ आहे. घटकाचे प्रमाण सामान्याच्या १ टक्क्याहून कमी असल्यास विकार तीव्र, १ ते ५ टक्के असल्यास मध्यम आणि त्याहून अधिक पण ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सौम्य मानला जातो. टाचणी टोचली तरी रुग्ण दगावतो हा समज लोककथेच्या वळणाचा आहे. खरा घात होतो तो आत. गुडघा, घोटा, कोपर या सांध्यांत पुन्हा पुन्हा रक्त साचते, सांधा सुजतो, झिजतो आणि कायमचा जायबंदी होतो. क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊन प्राणावर बेतते.

दोन्ही घटकांची जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत. पुरुषाकडे हे गुणसूत्र एकच असते आणि ते आईकडून येते. म्हणून बाधित पुरुषाच्या सर्व मुली सदोष जनुकाच्या वाहक होतात, मुलगे मात्र त्यातून मोकळे राहतात. वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलाला विकार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहकपण मिळण्याची शक्यता निम्मी असते. मराठी नातेव्यवस्थेच्या भाषेत सांगायचे तर हा विकार बापाकडून लेकाकडे जात नाही, तो मामाचा भाच्यात उतरतो. मधली कडी असते ती एकाची बहीण आणि दुसऱ्याची आई असलेली स्त्री. आपल्या परंपरेतील बहुतेक वंशावळी, कुळकटे आणि घराण्यांच्या बखरी पित्याकडून पुत्राकडे चालतात. लेक सासरी गेली की तिचे नाव माहेरच्या कागदावरून पुसले जाते आणि सासरच्या कागदावर ते नेहमीच चढते असे नाही. म्हणजे हा विकार ज्या वाटेने प्रवास करतो, नेमकी तीच वाट वंशेतिहासाच्या रूढ लेखनप्रकारांनी कोरी ठेवलेली आहे.

२

या विकाराशी सुसंगत असा सर्वांत जुना परिचित उल्लेख धर्मशास्त्राच्या ग्रंथात सापडतो. बॅबिलोनी तालमूदमधील ‘येवामोत’ या प्रकरणात सुंतेसंबंधीची एक चर्चा आहे. एखाद्या स्त्रीचे मुलगे सुंतेनंतर दगावले असतील तर पुढच्या मुलाची सुंता करावी का, असा तेथील प्रश्न. दोन मृत्यू पुरेसे मानावेत असे एक मत, तर तीन झाल्याखेरीज पुरावा सिद्ध होत नाही असे दुसरे. दुसऱ्या शतकातील आचार्यांच्या नावावर नोंदलेला हा वाद वरकरणी विधीपुरता आहे, पण त्याच्या मुळाशी ज्ञानाविषयीचा प्रश्न आहे. किती वेळा घडले म्हणजे योगायोगाचे रूपांतर नियमात होते? त्याच चर्चेत सेप्फोरिस येथील चार बहिणींची हकिगत येते. पहिलीचा मुलगा सुंतेनंतर गेला, दुसरीचा गेला, तिसरीचाही गेला. चौथी निर्णय विचारायला आली, तेव्हा तिला सुंता न करण्यास सांगण्यात आले.

या चार-पाच ओळींच्या हकिगतीत पुत्रांचे पिते कोण, याचा पत्ता नाही. चौघींना जोडणारा धागा एकच, तो माहेरचा. बाराव्या शतकात मायमोनिदीज या धर्मशास्त्रज्ञाने (तो स्वतः वैद्य होता) हा धागा अधिक स्पष्ट केला. दगावलेले मुलगे एकाच पतीपासून झालेले असोत वा वेगवेगळ्या, स्त्रीला मिळणारी सवलत तीच राहील, असे त्याने आपल्या संहितेत नमूद केले. आनुवंशिकतेचे शास्त्र जन्माला येण्यापूर्वी सुमारे सात शतके मातेकडून होणाऱ्या संक्रमणाची ही जवळजवळ नेमकी मांडणी होती. ती शक्य झाली, कारण धर्मशास्त्राला निर्णय मागायला येणाऱ्या आईचे बोलणे ऐकून घ्यावे लागत होते.

याउलट उदाहरण अंदलुसमधील अल् झहरावी या शल्यचिकित्सकाचे. इ.स. १००० च्या सुमारास पूर्ण झालेल्या आपल्या ‘किताब अल् तस्रीफ’ या विश्वकोशसदृश ग्रंथात त्याने एका गावाची हकिगत दिली आहे. तेथील पुरुषांना जखम झाली की रक्त थांबत नाही आणि ते दगावतात, असे त्याला सांगण्यात आले. उपाय म्हणून त्याने डाग देण्याचा सल्ला दिला. येथे बाधितांचे लिंग नेमके नोंदले गेले आहे, पण बायका कोठेच नाहीत. तालमूदला आई दिसली, अल् झहरावीला जखमी पुरुष दिसला. दोन्ही अर्धी चित्रे खरी होती आणि ती एकत्र येण्यास आणखी आठ शतके जावी लागली. निरीक्षकांच्या बुद्धीत उणेपणा होता असे याचे कारण देता येत नाही. एकापुढे प्रश्न होता विधीचा, दुसऱ्यापुढे होता शल्यकर्माचा, आणि लेखनप्रकाराने विचारलेल्या प्रश्नाच्या पलीकडचे उत्तर कोणी दिले नाही.

भारतीय वैद्यकपरंपरेचा दाखला या संदर्भात उद्बोधक ठरतो. चरकसंहितेत ‘रक्तपित्त’ या नावाखाली शरीरातून होणाऱ्या रक्तस्रावांचे सविस्तर निदान व चिकित्सा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांच्या सात वर्गांपैकी पहिला वर्ग ‘आदिबलप्रवृत्त’ म्हणजे शुक्रशोणिताच्या दोषांतून आलेल्या रोगांचा असून त्याचे ‘मातृज’ व ‘पितृज’ असे दोन पोटभेद केले आहेत. मात्र या वर्गाची उदाहरणे म्हणून कुष्ठ, अर्श यांचा निर्देश होतो, आणि रक्तपित्ताची उपपत्ती आहारविहार व दोषप्रकोप यांच्या आधारे लावली जाते. रक्तपित्त म्हणजेच हिमोफिलिया असे समीकरण मांडण्याचा मोह टाळला पाहिजे. इतकेच म्हणता येते की मातेकडून येणाऱ्या रोगाची संकल्पना आणि न थांबणाऱ्या रक्ताचे वर्णन ही दोन्ही एका परंपरेत होती, परंतु त्यांना सांधणारी हकिगत या संहितांत आलेली नाही. वर्गीकरणाला कुटुंबकथेची जोड लागते.

३

ही जोड मिळाली ती अमेरिकेत. फिलाडेल्फियाचे वैद्य जॉन कॉनरॅड ऑटो यांनी १८०३ मध्ये काही कुटुंबांतील रक्तस्रावप्रवृत्तीविषयी एक छोटा वृत्तान्त प्रसिद्ध केला. न्यू हॅम्पशायरमधील प्लिमथजवळ सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी स्थायिक झालेल्या स्मिथ नावाच्या स्त्रीपासून त्यांनी ही प्रवृत्ती तिच्या वंशजांत शोधली. बाधा पुरुषांनाच होते, स्त्रिया तिच्यापासून मुक्त असतात, तरीही त्या ती आपल्या मुलांकडे पोहोचवतात, असा त्यांचा निष्कर्ष. वसाहतीच्या आरंभी आलेली एक मूळ स्त्री आणि तिच्यापासून फुटलेल्या शाखा, ही रचना नव्या देशातील कुलवृत्तान्तांची होती. ऑटो यांनी तिच्यात वैद्यकीय निरीक्षण ओतले आणि आधुनिक वैद्यकातील आनुवंशिक विकाराच्या कथनाचा एक नमुना तयार झाला.

जर्मनीत नासे यांनी १८२० मध्ये हे निरीक्षण नियमाच्या रूपात मांडले, तर १८२८ मध्ये हॉप्फ यांच्या प्रबंधात ‘हिमोफिली’ ही संज्ञा आली. ग्रीक भाषेतील ‘रक्त’ आणि ‘प्रीती’ या अर्थांच्या शब्दांचा हा समास तसा विचित्रच आहे. ज्याच्या देहात रक्त टिकत नाही, त्याला रक्तप्रेमी म्हणण्यात कोणता तर्क होता हे उलगडणे कठीण. तरीही शब्द रुजला, आणि मराठीसह भारतीय भाषांनी तो जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला. त्याच्या जोडीने आलेली दुसरी संज्ञा अधिक परिणामकारक ठरली. विकार पुढे नेणाऱ्या स्त्रीला युरोपीय वैद्यकाने ‘संवाहिका’ या अर्थाचे नाव दिले. मराठीत तिच्यासाठी ‘वाहक’ हा शब्द चालतो. वाहक म्हणजे जो दुसऱ्याचे ओझे नेतो तो, त्या ओझ्याशी त्याचा स्वतःचा संबंध नसतो. संज्ञेतच असे सुचवले गेले की स्त्रीच्या देहातून विकार केवळ जातो, तेथे तो राहत नाही.

या सूचनेला शास्त्रीय अधिमान्यता मिळाली १९११ मध्ये. लंडन येथे कार्ल पिअर्सन यांच्या अधिपत्याखालील सुप्रजननशास्त्राच्या प्रयोगशाळेतर्फे ‘मानवी वारशाचा कोश’ या अर्थाच्या नावाची ग्रंथमाला निघत असे. तीत बुलक व फिल्डिस यांनी हिमोफिलियावरील तोपर्यंतचे वाङ्मय धुंडाळून वंशवृक्षांचा प्रचंड संग्रह सादर केला. परिश्रमाच्या दृष्टीने हा ग्रंथ थक्क करणारा आहे. परंतु स्त्रियांच्या रक्तस्रावाची नोंदलेली उदाहरणे त्यांनी एकेक करून तपासली आणि विश्वासार्ह नाहीत म्हणून बाजूला सारली. हिमोफिलिया स्त्रीला होत नाही हा नियम गृहीत धरून पुरावा तपासला गेला, आणि तपासाअंती तोच नियम सिद्ध झाल्याचे सांगितले गेले. स्त्रीला खरा हिमोफिलिया होऊ शकतो हे वैद्यकाने पुराव्यानिशी मान्य करण्यास १९५० च्या दशकाचा प्रारंभ उजाडावा लागला.

तौलनिक दृष्टीने पाहिल्यास या नियमामागे विशिष्ट विवाहव्यवस्थेचे गृहीतकही दिसते. इरावती कर्वे यांनी १९५३ मधील आपल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात दाखवून दिले आहे की दक्षिणेत मामा-भाचीचा विवाह व मामेबहिणीशी विवाह यांना मान्यता आहे, आणि महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण पद्धतींच्या सांध्यावरचा प्रदेश आहे. आता मामा व भाचा दोघेही बाधित असलेल्या घराची कल्पना करावी. मामाची मुलगी निश्चितपणे वाहक असते. तिचा विवाह त्या भाच्याशी झाला, तर त्यांच्या प्रत्येक मुलीला दोन्हीकडून सदोष जनुक मिळण्याची शक्यता निम्मी राहते. अशा मुलीच्या देहात विकार पुरुषाइतकाच पूर्ण असेल. ज्या समाजात हा विवाह इष्ट मानला जातो, तेथे ‘स्त्रीला हिमोफिलिया होत नाही’ हे वाक्य केवळ अपुरे नव्हे, तर धोक्याचे ठरते.

४

हिमोफिलियाची जगाला ठाऊक असलेली गोष्ट मात्र राजघराण्याची आहे. व्हिक्टोरिया राणीचा (१८१९–१९०१) मुलगा लिओपोल्ड बाधित होता. १८८४ मध्ये फ्रान्समधील कान येथे घसरून पडण्याचे निमित्त होऊन वयाच्या तिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. तिच्या अॅलिस व बिअॅट्रिस या दोन मुली वाहक होत्या. अॅलिसचा लहानगा मुलगा फ्रीडरिख १८७३ मध्ये खिडकीतून पडला आणि रक्तस्रावाने गेला. म्हणजे भाचा मामाच्या आधीच गेला. अॅलिसची मुलगी अलेक्झांड्रा रशियाची सम्राज्ञी झाली आणि तिला १९०४ मध्ये झालेला अलेक्सेई हा युवराज बाधित निघाला. बिअॅट्रिसच्या मुलीमार्फत विकार स्पेनच्या राजघराण्यात गेला. तेथील दोन राजपुत्र १९३४ व १९३८ मध्ये मोटार अपघातांनंतरच्या रक्तस्रावाने मरण पावले.

युरोपातील राजघराणी मुली देऊन तह करीत. त्यामुळे मुलींचे जन्म, विवाह आणि अपत्ये यांची नोंद येथे काळजीपूर्वक ठेवली गेली. सामान्य घराण्याच्या वंशावळीत जी वाट कोरी राहते, ती येथे राजकारणाच्या गरजेमुळे भरलेली होती. हा विकार ‘राजघराण्यांचा रोग’ म्हणून ओळखला जाऊ लागला, याचे कारण रक्तात शोधण्यापेक्षा दप्तरात शोधणे अधिक योग्य होय.

तथापि दप्तर भरलेले असले तरी ते बोलके नव्हते. १९१२ मध्ये पोलंडमधील स्पाला येथे अलेक्सेई मरणाच्या दारात असताना प्रकृतीची पत्रके प्रसिद्ध झाली, पण त्यांत रोगाचे नाव नव्हते. युवराजाचे दुखणे हे शासकीय गुपित होते, आणि त्या गुपिताने रास्पुतिनच्या दरबारातील वावराला प्रजेच्या दृष्टीने अनाकलनीय करून सोडले. रॉबर्ट मॅसी यांच्या ‘निकोलस अँड अलेक्झांड्रा’ (१९६७) या चरित्रग्रंथाने हे गुपित रशियन राजसत्तेच्या ऱ्हासकथेच्या केंद्रस्थानी आणले. मॅसी यांचा स्वतःचा मुलगा हिमोफिलियाग्रस्त होता, आणि या विषयाकडे ते त्या वाटेने वळले. अलेक्झांड्राची अपराधी भावना आणि चमत्कारावरची तिची भिस्त त्यांना जितकी आतून कळली, तितकी पूर्वीच्या इतिहासकारांना कळली नव्हती. मात्र १९०५ चा उठाव, जमिनीचा प्रश्न आणि महायुद्धातील पराभव यांच्या तुलनेत एका मुलाच्या सांध्यातील रक्ताला किती वजन द्यावे, हा प्रश्न उरतोच. आईची व्यथा खरी असणे वेगळे, आणि ती साम्राज्याच्या पतनाचे कारण असणे वेगळे. या कथनाचा मोह असा की त्यात पुन्हा एकदा परघरातून आलेली सून घर बुडवते.

गुपिताचा शेवट अस्थींनी केला. १९१८ मध्ये येकातेरिनबुर्ग येथे ठार केलेल्या राजकुटुंबाचे अवशेष १९९१ मध्ये उकरण्यात आले, उरलेल्या दोघांचे २००७ मध्ये सापडले. त्यांच्या जनुकीय तपासणीचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा विकार नवव्या घटकाचा, म्हणजे तुलनेने विरळ ‘हिमोफिलिया बी’ होता. अलेक्झांड्रा आणि तिची एक मुलगी वाहक असल्याचेही त्यातून कळले.

५

राजघराण्याच्या गोष्टीने एक समज पक्का केला, तो असा की हिमोफिलिया नेहमी पूर्वजांकडून येतो. या समजाला धक्का दिला तो जे. बी. एस. हॉल्डेन यांनी. १९३५ मध्ये त्यांनी साधा पण भेदक प्रश्न विचारला. तीव्र विकार असलेले पुरुष फारशी संतती मागे न ठेवता मरत असतील, तर हे सदोष जनुक केव्हाच नाहीसे व्हायला हवे होते, मग ते टिकते कसे? उत्तर एकच संभवते. जितकी सदोष जनुके मृत्यूमुळे नष्ट होतात, तितकीच नव्या उत्परिवर्तनांमुळे पुन्हा निर्माण होतात. मानवी जनुकाच्या उत्परिवर्तनाचा वेग अजमावण्याचा हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक होता. त्याचा अर्थ असा की सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या घरात पूर्वी कोणालाच हा विकार नसतो. व्हिक्टोरियाच्या पूर्वजांतही त्याचा माग लागत नाही. तिच्या जन्मसमयी ५१ वर्षांच्या असलेल्या पित्याकडून ते नवे उत्परिवर्तन आले असावे, असा तर्क केला जातो.

कथनमीमांसेच्या अंगाने हॉल्डेन यांच्या गणिताचे महत्त्व मोठे आहे. सुनेच्या माहेराला दोष देणारी, पूर्वजन्मीचे पाप शोधणारी किंवा शापाची उपपत्ती लावणारी प्रत्येक गोष्ट ‘आधी कोणीतरी’ या गृहीतकावर उभी असते. येथे मात्र गोष्टीला आरंभ आहे, पण अपराधी नाही. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केले, भारतीय नागरिकत्व घेतले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी स्वतःच्या कर्करोगावर त्यांनी विनोदी कविता लिहिली होती. रोगातून नैतिक अपराधाचा अर्थ काढण्यास नकार देण्याची त्यांची वृत्ती गणितात आणि कवितेत सारखीच दिसते.

पुढच्या दोन दशकांत विकाराची एकता भंगली. १९४७ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे पावलोव्स्की यांना असे आढळले की प्रयोगशाळेत दोन हिमोफिलियाग्रस्तांचे रक्त एकत्र केले असता ते गोठते. दोघांतील उणीव वेगळी होती, म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याची उणीव भरून काढली. १९५२ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नवव्या घटकाच्या उणिवेला स्टीफन ख्रिसमस या पाच वर्षांच्या रुग्णाच्या आडनावावरून ‘ख्रिसमस रोग’ असे नाव दिले, आणि तो निबंध त्या साप्ताहिकाच्या नाताळ अंकात छापून आला. नावातल्या या खेळावर वाचकांनी नाराजीची पत्रे पाठवली. त्या खेळापुढे नंतरची वस्तुस्थिती फार कठोर निघाली. रक्तोपचारांतून झालेल्या एड्सने ख्रिसमस यांचा १९९३ मध्ये मृत्यू झाला.

६

पुरुषांच्या या मालिकेशेजारी एक वेगळी गोष्ट ठेवणे अगत्याचे आहे. बाल्टिक समुद्रातील ऑलंड द्वीपसमूहातल्या फग्लो येथील पाच वर्षांच्या यर्डिस या मुलीला १९२४ मध्ये हेलसिंकी येथे एरिक फॉन विलेब्रांड या वैद्याकडे आणण्यात आले. तिच्या अनेक बहिणी रक्तस्रावाने दगावल्या होत्या. फॉन विलेब्रांड यांनी कुटुंबाची माहिती जमवली, तेव्हा ६६ जणांपैकी २३ जणांत रक्तस्रावाची प्रवृत्ती दिसली, आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. नासे यांचा नियम येथे लागू पडत नव्हता. १९२६ मधील निबंधात त्यांनी या विकाराला ‘आनुवंशिक आभासी-हिमोफिलिया’ असे संबोधले. यर्डिस तेराव्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीच्या वेळी, रक्तस्रावाने मरण पावली.

या नोंदीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली भाषेची. निबंध स्वीडिशमध्ये, फिनलंडच्या वैद्यकमंडळाच्या नियतकालिकात आला. १९३१ मध्ये जर्मन आवृत्ती निघाली, तेव्हा तो व्यापक वैद्यकविश्वापर्यंत पोहोचला. छोट्या भाषेत लिहिलेले ज्ञान मोठ्या भाषेत गेल्याखेरीज ज्ञान ठरत नाही, हा तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेला नियम वैद्यकालाही चुकलेला नाही. दुसरी गोष्ट नावाची. स्त्रियांना होणारा विकार म्हणून तो ‘आभासी’ ठरला, खरा तो पुरुषांचा. आज फॉन विलेब्रांड यांच्या नावाने ओळखला जाणारा हाच विकार जगातील सर्वाधिक आढळणारा आनुवंशिक रक्तस्रावी विकार मानला जातो. त्याचे कारणीभूत प्रथिन १९७० च्या दशकाच्या आरंभी ओळखले गेले आणि जनुक १९८५ मध्ये वेगळे करण्यात आले. १९७७ पासून डेस्मोप्रेसिन या औषधाने अनेक रुग्णांचा रक्तस्राव आटोक्यात आणता येऊ लागला.

‘वाहक’ या संज्ञेचा पायाही दरम्यान ढासळला होता. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय होते, अशी उपपत्ती मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. निष्क्रिय होणारे गुणसूत्र कोणते, हे पेशीगणिक बदलते. एखाद्या वाहक स्त्रीच्या बहुसंख्य पेशींत निर्दोष गुणसूत्रच निष्क्रिय झाले, तर तिच्या रक्तातील घटकाचे प्रमाण सौम्य हिमोफिलियाच्या पातळीपर्यंत, प्रसंगी त्याहून खाली, उतरू शकते. जी केवळ ओझे वाहून नेते असे मानले, तीच पाळीत, बाळंतपणात आणि शस्त्रक्रियेत अतोनात रक्त गमावत होती. ही गोष्ट परिभाषेत उतरायला मात्र २०२१ साल उजाडले. त्या वर्षी रक्तगुठळीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने घटकाचे प्रमाण कमी असलेल्या स्त्रियांना ‘वाहक’ न म्हणता ‘हिमोफिलिया असलेल्या स्त्रिया’ म्हणावे, अशी शिफारस केली.

७

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपचार आले, आणि त्यांच्याबरोबर साक्ष हा नवा वाङ्मयप्रकारही आला. १९६४ मध्ये ज्युडिथ पूल यांनी गोठवलेल्या रक्तद्रवातून आठव्या घटकाचा साका वेगळा करण्याची सोपी रीत शोधली. पुढे हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून घटकाची भुकटी तयार होऊ लागली. घरच्या घरी सुई टोचून रक्तस्राव थांबवता येणे ही रुग्णांच्या दृष्टीने मुक्तीच होती. पण त्या भुकटीतूनच एचआयव्ही व हिपॅटायटिस सी यांचे विषाणू पसरले. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेत तीन हिमोफिलियाग्रस्तांच्या आजाराची नोंद झाली, आणि काही वर्षांतच एक पिढी उद्ध्वस्त झाली. ब्रिटनमध्ये या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल मे २०२४ मध्ये आला. दूषित रक्त व रक्तघटक यांमुळे ३०,००० हून अधिक लोकांना संसर्ग झाला, आणि त्याचा पुष्कळसा भाग टाळता आला असता, असे त्याने नमूद केले. रुग्णांच्या व नातलगांच्या जबान्या त्या अहवालाचा गाभा आहेत. अल् झहरावीपासून ऑटोपर्यंत रुग्णाविषयी दुसऱ्यानेच लिहिले होते. येथे रुग्ण स्वतः वक्ता झाला.

भारतात रुग्णांनीच १९८३ मध्ये हिमोफिलिया फेडरेशनची उभारणी केली. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या परिसरातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या विकारांचे जनुकीय निदान होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियाचा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समावेश केला. डिसेंबर २०२४ मध्ये वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या वैद्यांनी तीव्र ‘हिमोफिलिया ए’ असलेल्या पाच रुग्णांवर त्यांच्याच मूळपेशींद्वारे केलेल्या जनुकोपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. निरीक्षणकाळात त्यांना रक्तस्राव झाला नाही, असे त्यात म्हटले आहे. शास्त्राच्या दृष्टीने हा टप्पा मोठा आहे.

पण जनुकोपचारापर्यंत पोहोचण्याआधी निदान व्हावे लागते, आणि निदानाआधी कोणीतरी ती गोष्ट सांगावी लागते. स्त्रियांच्या बाबतीत अडते ते येथेच. मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार सहनशीलतेची प्रशंसा करीत येतो. पाळीत ‘अंगावरून जास्त जाते’ हे वाक्य बायकाबायकांत हळू आवाजात बोलले जाते, आणि त्याला बहुधा ‘आपल्याकडे सगळ्यांचे असेच’ असे उत्तर मिळते. आईचे तसेच, मावशीचे तसेच, आजीचे तसेच. वस्तुतः हे उत्तर म्हणजे कुटुंबाचा वैद्यकीय वृत्तान्तच आहे, आणि ऑटो यांनी स्मिथ घराण्याविषयी जे जमवले त्याहून ते कमी मोलाचे नाही. मात्र जे साऱ्यांनाच आहे ते स्वाभाविक, या समजुतीने पुरावा सांत्वनात विरघळून जातो. आनुवंशिकता येथे लपते ती गुपितामुळे नव्हे, तर सवयीमुळे.

सेप्फोरिसच्या चौथ्या बहिणीने जे केले त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. तिने तीन बहिणींचे दुःख एका ओळीत मांडले आणि ते निर्णय देणाऱ्याच्या समोर नेले. हिमोफिलियाच्या इतिहासातील आख्याने तपासली असता असे दिसते की ज्ञान पुढे सरकले ते लेकीबहिणींचे बोलणे पुरावा म्हणून ऐकले गेले तेव्हा, आणि ते अडले ते वंशावळीच्या कोऱ्या जागेला निसर्गनियम मानले गेले तेव्हा. ती जागा भरण्यासाठी लागणारी माहिती मौखिक आहे, घरगुती आहे आणि बहुतांशी स्त्रियांच्या भाषेत आहे. तिचे वाचन करण्याची साधने वैद्यकाइतकीच साहित्याच्या अभ्यासकांजवळही आहेत.